प्रतिसाद: विलारेला अननुभवी म्हणणं पटत नाही

1 जून 1794 च्या इंग्रजांविरुद्धच्या सागरी लढाईत फ्रेंच हरले ते त्यांचा नौदलप्रमुख विलारे द झ्वायोझ अननुभवी होता म्हणून, हे इथे मांडलेलं मत मला अजिबात मान्य नाही. हा माणूस फ्रेंच ॲडमिरल सुफ्रेंच्या हाताखाली आपल्याच हिंदी महासागरात तयार झालेला. 1783 मध्ये मद्रासच्या बाजूला छोट्याशा 'नायाद' जहाजावरून त्याने 64 तोफांच्या इंग्रज 'सेप्टर'शी झुंज दिली आणि मगच तो कैद झाला.

फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा तो साधा लेफ्टनंट होता. उमराव घराण्यातले अधिकारी भराभर देश सोडून गेले, कित्येक तुरुंगात पडले. हा टिकून राहिला आणि 1793 च्या अखेरीस थेट रिअर ॲडमिरल झाला. पण हाताशी काय होतं? नवखे कप्तान, आणि नौदलाचे तयार तोफची तर सरकारनेच मोडीत काढलेले. शिवाय 'मोंतान्य' या त्याच्याच जहाजावर लक्ष ठेवायला पॅरिसचा प्रतिनिधी झाँबों सँतांद्रे!

त्याचं काम होतं अमेरिकेहून येणारा शंभरावर जहाजांचा धान्याचा ताफा वाचवणं. त्याने इंग्रज ॲडमिरल हाऊला त्या मार्गापासून दूर ओढत नेलं. सात युद्धनौका गेल्या, माणसं तर हजारोंनी. पण धान्य फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात सुखरूप पोचलं. उपाशी देशाच्या दृष्टीने याला नुसता पराभव म्हणणं अन्यायाचं आहे.

1797 मध्ये मात्र राजेशाहीवाद्यांच्या बाजूचा ठरवून याच प्रजासत्ताकाने त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. नेपोलियनने पुन्हा कामावर घेतलं, कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट सोपवलं; 1809 मध्ये तेही इंग्रजांनी घेतलं.