कोकम तेलाचे घरगुती मलम आठवड्यात बुरसटले, कुठे चुकले असेल?

माजघर

नमस्कार. आम्ही तळेगावला राहतो आणि दिवाळी उलटली की माझ्या व सासूबाईंच्या टाचांना भेगा पडू लागतात. यंदा कुडाळच्या आत्येसासूबाईंनी कोकम तेलाचे चार मुटके, म्हणजे घट्ट गोळे, पाठवले, तेव्हा बाजारातली क्रीम आणण्याऐवजी घरीच काहीतरी करावे असे मनात आले. एक मुटका खोबरेल तेलाबरोबर वितळवला, त्यात कुंडीतल्या कोरफडीचा गर दोन चमचे आणि तेवढेच गुलाबपाणी घालून रवीने घुसळले. पहिल्या दिवशी ते ताज्या लोण्यासारखे दिसत होते, इतके की मी शेजारच्या वहिनींनाही डबी भरून दिली. चौथ्या दिवशी त्याला पाणी सुटले आणि आठव्या दिवशी झाकण उघडले तर कडेला हिरवट काळे ठिपके होते व आंबूस वास येत होता. वहिनींकडची डबी परत मागताना मला फार ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्या वेळी आणखी एका मुटक्याचे पाणी अजिबात न घालता केले, तर ते बोटाला रव्यासारखे कणीदार लागते. उरलेल्या दोन मुटक्यांचे टिकाऊ आणि मऊ मलम कसे करावे? सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून त्यांना हे लावणे योग्य आहे का, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

रतांबा

माजघरताई, आमच्या सिंधुदुर्गात या तेलाला मुठेलही म्हणतात आणि ते कशात मिसळायची पद्धत आमच्या घरी कधी नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून सालींची आमसुले करायला घेतली की आतल्या बिया आई राखेत घोळवून, धुऊन, अंगणात खडखडीत वाळवायची. पाऊस सुरू झाल्यावर निवांतपणे त्या कुटायच्या, टरफले पाखडून टाकायची, आतला गर बारीक वाटायचा आणि मोठ्या टोपात भरपूर पाणी घालून चुलीवर उकळत ठेवायचा. वर तेलाचा तवंग येतो, तो पळीने अलगद वेगळ्या भांड्यात काढत राहायचे. ते गार होऊ लागले की त्याला दाटपणा येतो आणि नेमक्या त्याच वेळी, फार घट्ट होण्याआधी, मुठीत दाबून त्याचे मुटके वळायचे. चुकून उशीर झाला तर मुटक्याला चिरा पडतात आणि आईची बोलणी खावी लागतात. तुमच्याकडे आलेल्या मुटक्यांवर बोटांचे ठसे दिसत असतील, नीट पाहा.

वापरण्याची रीत अशी होती. रात्री पाय धुऊन बसायचे, मुटका दिव्याजवळ धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायचा. चटका बसायचा, पण दिवसभर चिखलात उभे राहिलेल्या पायांना तो हवाहवासा वाटायचा. ओठ फुटले की त्याच मुटक्यावर बोट घासून ओठांवर फिरवायचे. मलम करायचेच असेल तर करा, पण एक मुटका तसाच ठेवून द्या. कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर, तो वर्षभर सहज राहतो.

तराजू

मी सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. रतांबा यांच्या आईंनी उकळून काढलेले तेल वर्षभर टिकते आणि तुमचे मलम आठ दिवसांत बुरसटते, याचे कारण एकच आहे व ते म्हणजे पाणी. शुद्ध तेलात किंवा तुपात बुरशी वाढू शकत नाही, कारण तिला जगायला पाणी लागते. कोरफडीच्या गरात बहुतांश पाणीच असते, शिवाय त्यातली साखर ही बुरशीला आयती शिदोरी होते. बाजारातल्या क्रीममध्येही पाणी असतेच, परंतु तिथे ते तेलाशी एकजीव करणारा घटक आणि जंतूंना रोखणारा परिरक्षक मोजून घातलेला असतो. तुमच्या मलमात दोन्ही नव्हते, म्हणून आधी पाणी सुटले आणि मग बुरशी आली. अनेक जण अशा वेळी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालायला सांगतात. तिने तेल खवट होणे लांबते, बुरशी मात्र थांबत नाही.

आता कणीबद्दल. कोकम तेल साधारण 40 अंश सेल्सिअसला वितळते. त्यातले वेगवेगळे स्निग्ध घटक वेगवेगळ्या तापमानाला गोठतात, त्यामुळे मिश्रण ओट्यावर सावकाश निवले की जो भाग आधी गोठतो त्याचे खडे तयार होतात. यावर उपाय म्हणजे ते पूर्ण वितळवून लवकर गार करणे.

शंभर ग्रॅमसाठी माझे प्रमाण लिहून ठेवा: कोकम तेल 30 ग्रॅम, तिळाचे तेल 60 ग्रॅम आणि मधमाश्यांचे मेण 10 ग्रॅम. वाटी-चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, कारण मेण दोन-तीन ग्रॅमने वाढले तरी मलम मेणबत्तीसारखे ताठ होते. पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलचे भांडे ठेवा. मेण 60 अंशांच्या थोडे पुढे वितळते, म्हणून आधी मेण व तिळाचे तेल एकत्र वितळवा आणि मग कोकम तेलाचे तुकडे घाला. सगळे पाण्यासारखे स्वच्छ दिसले की आच बंद करा. भांड्याची बाहेरची बाजू पुसून घ्या, कारण ओतताना तिथला एखादा थेंबही डबीत पडायला नको. डब्या धुऊन, उन्हात पूर्ण वाळवलेल्या हव्यात. ओतल्यावर त्या लगेच वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा. खोबरेल मी मुद्दाम टाळले आहे, कारण ते 24 अंशांच्या आसपास वितळते आणि ऋतू बदलला की मलमाचा पोत बदलतो.

पितळी परात

तराजू यांचे म्हणणे पटले, तरी एक शंका आहे. आमच्याकडे शतधौत घृत करतात. तांब्याच्या परातीत साजूक तूप घेऊन, पाणी घालून हाताने फेसायचे, ते पाणी ओतून टाकायचे आणि असे शंभर वेळा करायचे. तूप पांढरेशुभ्र होते, तुपाचा वास जातो आणि उन्हाने तापलेल्या त्वचेला त्याने फार थंडावा वाटतो. पाण्याने बिघडते म्हणता, तर मग हे कसे टिकते?

तराजू

फेसताना पाणी तुपात अडकतेच आणि थंडावाही बऱ्याच अंशी त्याचाच असतो. म्हणून ते लहान डबीपुरतेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि बोट न बुडवता कोरड्या चमच्याने काढावे. वास बदलला की टाकून द्यावे, त्यात जीव गुंतवू नये.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे, त्यामुळे सासूबाईंविषयी आधी लिहिते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून गरम थेंब भेगेत सोडण्याचा प्रकार त्यांच्याबाबतीत अजिबात करू नका. पाय भाजला तरी त्यांना कळणार नाही. पाय धुवायचे पाणी तुम्ही स्वतःच्या कोपराने तपासा, वज्रीने जोरात घासू नका आणि बोटांच्या बेचक्यांत मलम लावू नका, तिथे ओल साठून बुरशीचा संसर्ग होतो. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, लाली पसरत असेल, तर मलमाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्वचा शाबूत असेल तर गार झालेले साधे मलम टाचेवर लावायला सहसा हरकत नसते, तरीही पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्या. जाड, कडक टाचांसाठी ते युरिया असलेले मलमही देतात.

तुमच्यासाठी मात्र कोरफडीच्या हौसेवर एक तोडगा आहे. कोकम तेल त्वचेला ओलावा देत नाही, तो आत धरून ठेवते. तेव्हा पाणी डबीत घालण्याऐवजी पायाला द्या. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवा, वज्री हलकेच फिरवा, टॉवेलने टिपून घ्या आणि टाचा दमट असतानाच मलम चोळून सुती मोजे घाला. कोरफडीचा ताजा गर आवडत असेल तर मलमाच्या आधी लावा व उरलेला टाकून द्या. नवे मलम प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहिले म्हणजे खाज सुटते का तेही कळेल.

माजघर

सर्वांचे मनापासून आभार. रतांबाताई, मुटक्यांवर खरोखरच चार बोटांचे ठसे आहेत. इतके दिवस मला ते साच्याचे वाटत होते. एक मुटका राखून ठेवला आणि दुसऱ्यातून किसणीने बरोबर 30 ग्रॅम किसून घेतले. मेण महाबळेश्वरहून आणलेले घरात होते. या वेळी मलम गुळगुळीत झाले, फक्त पहाटेच्या थंडीत जरा कडक वाटते आणि बोटाने खरवडून काढावे लागते. तीन आठवडे झाले, वास बदललेला नाही. माझ्या टाचांच्या बारीक भेगा भरल्या आहेत, मात्र उजव्या टाचेची खोल भेग अजून ठणकते. सासूबाईंना डॉक्टरांनी परवानगी दिली, पण पाय रोज तपासायला सांगितले आहे.

तराजू, पुढच्या वेळी मेण 8 ग्रॅम आणि तिळाचे तेल 62 ग्रॅम घेतले तर चालेल का? वहिनींची डबी अजून द्यायची राहिली आहे.

तराजू

चालेल. उन्हाळ्यात मात्र पुन्हा 10 ग्रॅमवर या.