दागिने घरी साफ करताना काय चमकलं, काय बिघडलं?

सुट्टीचा दिवस म्हणून कपाट आवरायला काढलं आणि दागिन्यांच्या डब्यापाशी अडकले. चांदीची चेन पार काळवंडलेली. व्हिडिओत बघितलेला प्रकार केला, खोलगट ताटलीत ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर चेन, वरून कपभर कढत पाणी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा. फसफसलं, सडक्या अंड्यासारखा वास आला आणि पाच मिनिटांत चेन पांढरीशुभ्र! मग काय, हात शिवशिवायला लागले. ऑक्सिडाइज्ड झुमके पण त्यातच टाकले. ते असे निघाले की जणू स्टीलच्या चमच्याचे केलेत, नक्षीतला काळा रंग गायब, पानं कुठली फुलं कुठली कळेना. नवरा म्हणे, "नवीन घेतलेस का?"

म्हणून हा धागा. घरी काय साफ करता, कशाने करता आणि मुख्य म्हणजे कशाची वाट लावलीत ते लिहा. यशोगाथा नंतर, आधी फजित्या.

*

झुमक्यांचं वाईट वाटलं, पण ते होणारच होतं. चांदीवरचा काळा थर म्हणजे गंज नाही, हवेतलं गंधक चांदीला चिकटून सिल्व्हर सल्फाइड होतं ते. फॉइलचं ॲल्युमिनियम ते गंधक स्वतःकडे ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी परत मिळते, म्हणून घासण्यापेक्षा ही पद्धत बरी, धातू झिजत नाही. फक्त चेन फॉइलला टेकलेली पाहिजे. पण ऑक्सिडाइज्डमध्ये तोच काळा थर मुद्दाम दिलेला असतो, सोड्याच्या पाण्याला काय माहीत कुठला हौसेचा आणि कुठला मळाचा. सोनाराकडे नेलं तर परत काळं करून देतात.

आणि हो, रबर बँड लावून चांदी ठेवू नका. रबरातही गंधक असतं. माझ्या कड्यावर बँडच्या जागी बरोब्बर काळा पट्टा उठला होता.

*

टूथपेस्ट. बास, एवढंच सांगते. दातांना चालते म्हणजे सोन्याला चालेल असं वाटलं होतं. दात सोन्यापेक्षा कडक असतात हे अंगठीवर बारीक चरे दिसल्यावर कळलं.

*

सोन्याला मी काही म्हणजे काही वेगळं करत नाही. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोनतीन थेंब, पंधरावीस मिनिटं भिजत आणि मग लहान मुलांचा मऊ ब्रश. खरा मळ वरून दिसतच नाही. कानातल्याची फिरकी उघडून आत टाचणीचं टोक फिरवून बघा, राखाडी मेणासारखी गोळी निघते, क्रीम, घाम, साबण आणि आपलीच कातडी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन दिवस कानाला हात लावला नव्हता. हिऱ्याचंही तेच, तेलकट थर त्याला पटकन धरतो आणि तोही खड्याच्या मागे, त्यामुळे पुढून कितीही पुसा, मिणमिणताच. ब्रश मागून घाला.

हे सगळं वाटीत करायचं, बेसिनमध्ये नाही. आणि पाणी ओतताना गाळणीतून. का ते विचारू नका.

*

वरच्या ताईंनी का ते सांगितलं नाही, मी सांगतो. बायकोचा कानातला टॉप साबणाच्या हाताने निसटला तो थेट बेसिनच्या भोकात. तिने नळ चालूच ठेवला होता, तो आधी बंद केला, खाली बादली लावली आणि बेसिनखालचा तो वाकडा पाइप असतो ना तो फिरवून काढला. त्या बाकात टॉप होता, सोबत केसांचा एक गुंता आणि माझं हरवलेलं शर्टाचं बटण. नळ चालू राहिला असता तर गेलाच होता पुढे.

*

मोत्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण मी जे केलंय ते दुसऱ्या कुणी करू नये. आईची माळ, रंग जरा पिवळट झालेला, कुठेतरी वाचलं व्हिनेगरने सगळं स्वच्छ होतं, म्हणून पाण्यात थोडं व्हिनेगर घालून माळ बुडवली आणि फोन आला म्हणून उठले, फोन कसला तो, अर्धा तास, परत येऊन बघते तर मोत्यांवर बारीक बुडबुडे आणि बाहेर काढल्यावर ती जी आतून येणारी झळाळी असते ती नाहीच, नुसते खडूचे मणी. मोती म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारच, हे शाळेत शिकले होते आणि मार्कही मिळाले होते. आईला अजून सांगितलेलं नाही. पोवळ्याचंही हेच होतं बरं का.

आता दुसरी माळ आहे ती फक्त किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसते आणि आडवी पसरून वाळवते, टांगत नाही, ओला रेशमी दोरा ताणला जातो. आणि अत्तर, हेअरस्प्रे सगळं आटोपल्यावर शेवटी माळ.

*

माझी चूक साफसफाईतली नाही पण सांगतेच. जुना पाऱ्याचा थर्मामीटर हातातून फुटला. घाबरून ते चकचकीत थेंब कागदावर गोळा करत बसले, बोटात २२ कॅरेटची अंगठी. एक थेंब अंगठीला लागला आणि बघता बघता तिथला सोन्याचा रंगच गेला, पांढरट चंदेरी डाग. मी वेडी साबणाने घासतेय. पारा सोन्यात मिसळतो, तो डाग पुसून जात नाही. वहिनी म्हणाली गॅसवर धर, उडून जाईल. नशीब धरली नाही, ती वाफ विषारी असते. बंद डबीत घालून सोनाराकडे नेली, काय झालं ते आधीच सांगितलं. त्यांनी त्यांच्याकडच्या सोयीने तापवून उजाळा दिला, तरी डागाच्या जागी बोट फिरवलं की खरखरीत लागतं.

*

बाप रे, पाऱ्याचं माहीतच नव्हतं. आमच्याकडे अजून एक तसला थर्मामीटर आहे.

*

मी अल्ट्रासॉनिक मशीन घेतलं, ध्वनिलहरींनी पाणी थरथरवून मळ काढणारं, बटण दाबलं की झुंईऽऽ आणि पाणी गढूळ. साध्या सोन्याला झकास. मग पाचूची अंगठी घातली. पाचूत जन्मतःच भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुतेकदा तेल भरलेलं असतं, ते निघून गेलं की भेगा उघड्या. खडा हिरवाच आहे, पण आत कोळ्याचं जाळं दिसतं. ओपल, फिरोजा, मोती तर त्यात घालूच नयेत. आणि मशीनमध्ये खडा निखळला तर मशीनला दोष देऊ नका, तो आधीच हलत असतो, मळाने धरून ठेवलेला असतो इतकंच. मी आता आधी अंगठी कानाजवळ धरून हळूच टिचकी मारतो. टिकटिक आली की मशीन नाही, सोनार.

*

मुलामा दिलेल्या दागिन्यांना यातलं काहीच करू नका. मायक्रॉनच्या हिशोबातला थर, ब्रश मारला की आतलं तांबं हसतंय. काढल्यावर कोरड्या सुती कापडाने घाम पुसायचा आणि झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवायचं. खडे मागून बंद असतील तरी पाण्यात नको, खाली चमकीचा पत्रा असतो, तो काळा पडला की खडा मेला.

*

मूळ पोस्टवाली परत आले. सगळं वाचून आज चेन नीट उजेडात बघितली. एवढी पांढरीशुभ्र झाली म्हणून मिरवत होते ना, तर फाशाजवळची कडी झिजून दोऱ्याएवढी राहिलीय, काळेपणात दिसतच नव्हती. उद्या सोनाराकडे जातेय, कडी बदलायला. झुमकेही नेते, पण काळे करायला सांगू की नको ते ठरत नाहीये, कारण नवऱ्याला नवे आवडलेत.