ग्रीसची शांत बेटं: सँटोरिनी-मिकोनॉस सोडून कुठे जावं?

सावली_पुणे
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि म्युनिकला राहणारी माझी बहीण, दोघीच, बारा दिवस ग्रीसला जायचं म्हणतोय. टूर कंपनी नको. अथेन्सचे दोन दिवस सोडले तर बेटांना दहा उरतात. सँटोरिनीला मागे ऑफिसच्या लोकांबरोबर जाऊन आलेय. सूर्यास्त बघितला, पण समोरच्यांनी वर धरलेल्या मोबाइलमध्ये. पुन्हा ते नको. चालायला पायवाटा, पोहायला समुद्र, संध्याकाळी चौकात बसता येईल असं गाव, एवढं पुरे. बहीण शाकाहारी आहे. तिकडे स्कूटर चालवायची दोघींचीही हिंमत नाही.
सध्याची यादी: सिफनोस, फोलेगान्द्रोस, अमोर्गोस, तिलोस. प्रत्येकी अडीच दिवस. जमेल ना?

बिनतिकीट
दहा दिवसांत चार बेटं म्हणजे बॅगा भरा नि उपसा. नाक्सोस घ्या आणि स्वस्थ बसा. मोठं बेट आहे, बस आहेत, हल्की आणि आपिरान्थोससारखी डोंगरातली गावं दिवसाची गर्दी ओसरली की छान निवांत होतात.

गलबत
सावली, नाक्सोस वाईट नाही, पण तुझी यादी दुसऱ्याच कारणाने मोडायला हवी. आधी बोटींचे मार्ग बघ. सिफनोस पश्चिमेच्या ओळीत: पिरेअस या अथेन्सच्या बंदराहून किथनोस, सेरिफोस, सिफनोस, मिलोस. अमोर्गोस पूर्वेला, नाक्सोसच्या पलीकडे. तिलोस तर पार कोस आणि रोड्सच्या मधे, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापाशी. मी नि माझी नणंद (वयं ५८ आणि ६३) पहिल्या खेपेला असंच ठिगळ जोडायला गेलो आणि अख्खा एक दिवस बंदरावर बॅगांवर बसून काढला. ज्याने आखणी करून दिली तो म्हणाला होता, 'जवळच आहे हो ताई.' त्याने बहुतेक पट्टीने मोजलं असावं.

बेट शांत आहे का हे ओळखायची माझी खूण एकच: तिथे विमानतळ नसावा. तुझ्या चारही बेटांवर नाही, त्यामुळे निवडीला नावं ठेवणार नाही. फक्त एका वेळी एकच ओळ धर.

तुम्हा दोघींसाठी मी सिफनोस म्हणेन. बस कामारेस बंदरातून वर अपोलोनियाला येते, तिथून कास्त्रोला, प्लातिस यालोसला. स्कूटर लागतच नाही. खुणा केलेल्या पायवाटा शंभर किलोमीटरच्या वर आहेत, दगडी बांधांच्या मधून जाणाऱ्या. आणि रविवार मुक्कामात येईल असं बघ, कारण त्या दिवशी रेविथादा. छोले, कांदा, तमालपत्र, ऑलिव्ह तेल एवढंच मातीच्या भांड्यात घालून झाकण लावून शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत ठेवतात, रात्रभर. फोडणी नाही, मसाला नाही. आम्ही तीन वाजता पोचलो तर भांड्याच्या तळाचं उरलेलं मिळालं, कडेला कांदा काळपट होऊन चिकटलेला. नणंदबाईंनी तो चमच्याने खरवडून खाल्ला, वर लिंबू पिळून. घरी कुकरमध्ये दोनदा करून बघितलं, तसं होत नाही.

बहिणीला दोन शब्द शिकव. 'निस्तीसिमो' म्हणजे त्यांच्या उपवासाचं: मांस, दूध, अंडं काही नसलेलं. पण हा आपला उपवास नव्हे, कोळंबी-माकूळ त्यांना चालतं, तेवढं विचारून घे. 'लादेरा' म्हणजे ऑलिव्ह तेलात मुरवत शिजवलेल्या भाज्या. आणि फावा दिसला की मागव, पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा, आपल्या पिठल्याची चुलत बहीण.

वाऱ्याचं मात्र ध्यानात ठेव. मेल्तेमी जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, पण सप्टेंबरमध्येही अडकवतो. आम्ही दोनूसा नावाच्या छोट्या बेटावर होतो. स्तावरोस हे एकच बऱ्यापैकी गाव, केंद्रोसचा किनारा तिथून पायी पंधरा मिनिटं. तिथे येणारी 'एक्सप्रेस स्कोपेलितिस' म्हणजे आपली भाऊच्या धक्क्यावरची रेवसची लाँच, थोडी मोठी. निघायच्या सकाळी खोलीवाल्या आजींनी समुद्राकडे बोट दाखवून 'अपागोरेफ्तिको' म्हटलं आणि अंजिरांची बशी पुढे केली. बंदर खात्याने बोटी रोखल्या की हा शब्द ऐकू येतो. बशीवरून कळलं की आज मुक्काम वाढला. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच काढायची, यात तडजोड नाही.

तिरफळ
गलबतताईंशी सहमत, पण तिलोसला असं कडेला टाकू नका. तिथे १९९३ पासून शिकारीला बंदी आहे, पक्षी भरपूर. गुहेत बुटक्या हत्तींचे अवशेष सापडलेत. मिक्रो होरिओ हे सोडून गेलेलं गाव लिवादियाहून चढून जाता येतं: छपरं पडलेली, चुली मात्र जागच्या जागी. फक्त त्यासाठी रोड्सपर्यंत विमानाने जा, पिरेअसहून बोटीने गेलात तर वेळ फार मोडतो.

सावली_पुणे
गलबतताई, 'पट्टीने मोजलं' वाचून बहीण फोनवर किती वेळ हसत होती! मग सिफनोस सहा दिवस आणि फोलेगान्द्रोस तीन, असं धरते. अमोर्गोसचा कड्यावरचा मठ हुकतोय याची रुखरुख आहे. आणि एक: व्हिसाच्या अर्जाला सगळ्या रात्रींचं बुकिंग जोडायचं आहे. मग वाऱ्यासाठी मोकळीक कुठून ठेवू?

गलबत
पैसे परत मिळतील असंच बुकिंग कर, आणि बेटांवरच्या घरमालकांना बोट रोखल्याचं नवल नसतं, फोन केला की समजून घेतात. सिफनोस-फोलेगान्द्रोस बोट रोज असेलच असं नाही, तेव्हा आधी तो वार पक्का कर, मग बाकीच्या रात्री भर.
त्या मठाचं, होझोविओतिसाचं, म्हणशील तर तो अकराव्या शतकापासून त्या कड्याला चिकटून आहे, तुझ्या पुढच्या खेपेपर्यंत कुठे जात नाही. जाशील तेव्हा गुडघे झाकणारा स्कर्ट ने. तीनेक शंभर पायऱ्या चढून गेल्यावर आत लुकुमी (साखरेची मऊ वडी) आणि घोटभर मधाची राकी, म्हणजे तिकडची दारू, देतात. नणंदेने माझ्या वाटणीचीही घेतली आणि उतरताना माझा हात धरला.