कॉकटेल बारला जाताना: जाणकारांनी इथे लिहा

पागोळी
कपाट आवरताना परमिटची ५ रुपयांची जुनी चिठ्ठी हाती आली. तेव्हा बार म्हणजे परमिट रूम. रम नाहीतर व्हिस्की, सोडा, शेंगदाणे, विषय संपला. आता लोअर परळ, बीकेसी, वरळी, पुण्यात कोरेगाव पार्क, जिकडे तिकडे कॉकटेल बार. मेनूत दारूचं नाव शोधावं लागतं, किंमत आपोआप दिसते. काय मागवावं, काय विचारावं, फसगत कुठे होते ते लिहा.

सुरुवात मी करते. पेयात दारू किती हे चवीवरून कळत नाही. नेग्रोनीत जिन, कंपारी (कडू लाल लिकर) आणि गोड व्हर्मूथ (मसाले मुरवलेली वाइन) ३०-३०-३० मिली. जिन ४२.८ टक्के, कंपारी २५, व्हर्मूथ १६ च्या आसपास. बेरीज केली तर शुद्ध अल्कोहोल २५ मिली. व्हिस्कीच्या ६० च्या लार्जमध्येही जवळपास तेवढंच. म्हणजे नेग्रोनी हा सरळ एक लार्ज, तोही सोडा-पाण्याशिवाय. व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबू, साखर; त्यात व्हिस्की मूळ प्रमाणात ४५ मिली, म्हणून ते जरा बरं. लाँग आयलंड आइस्ड टी दिसतो चहासारखा, पण पाच बाटल्यांतून १५-१५ करत ७५ मिली जातं.

सोडावॉटर
ग्लास बारका बघून भांडणाऱ्यांसाठी. डायकिरी घ्या: रम ६०, लिंबाचा रस २०-२२, साखरेचा पाक २० च्या आसपास. झाले १०० च्या वर. शेक करताना बर्फाचं २५-३० मिली पाणी उतरतं. एकूण १३० मिली. मोठा त्रिकोणी ग्लास अर्धा रिकामा दिसतो आणि पेय संपेपर्यंत कोमट होतं, म्हणून लहान उभट ग्लास. दारू त्यात पूर्ण असते.

खडीसाखर
"गोड कमी करा" असं सांगणाऱ्यांना एक विनंती. सावर प्रकारात साखर आंबटाला तोलून धरते. नुसती साखर काढली की उरतो आम्ल आणि दारू, मग म्हणायचं बारवाल्याला येत नाही. "आंबट-गोड दोन्ही थोडं कमी" असं सांगा, नाहीतर सरळ हायबॉल घ्या, म्हणजे दारू आणि सोडा, उंच ग्लासात.
आणि "कडक काहीतरी द्या" नको. तीन गोष्टी सांगा: कोणती दारू, आंबट की कडू की गोड, उंच ग्लास की बुटका. एवढ्यावर चांगला बारटेंडर मेनूबाहेरचंही करून देतो.

उंडगा
मोबाईलवरून, शुद्धलेखन सांभाळून घ्या. काउंटरला बसा, टेबलला नको. ७-८ च्या दरम्यान, गर्दीच्या आधी. समोर दिसतं सगळं: मोजून ओततायत का, लिंबू ताजं पिळतायत का. सकाळी पिळून ठेवलेला रस रात्रीपर्यंत कडवट होतो. आणि व्हर्मूथची उघडी बाटली मागच्या फळीवर दिव्याखाली गरम होत असेल तर मार्टिनी, मॅनहॅटन, नेग्रोनी तिथे मागवू नका, तिन्हीत ती असते. व्हर्मूथ ही वाइनच, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवली तर महिना-दीड महिना बरी राहते. बाहेर उतरते.

हिशोबनीस
बिल वाचायला शिका, मंडळी.
जेवणावर जीएसटी, स्वतंत्र हॉटेलात ५ टक्के. बड्या तारांकित हॉटेलच्या आवारातल्या रेस्टॉरंटला १८. दारू जीएसटीत नाही, तिला राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. म्हणून एकाच बिलावर दोन कर दिसतात, ती चूक नाही. मॉकटेल (बिनदारूचं पेय) जीएसटीत. त्यावर व्हॅट लावला असेल तर दाखवून द्या.
सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. सक्ती करता येत नाही, काढायला सांगता येतं. सेवा आवडली तर टिप हातात द्या.

साधीभोळी
पण सर्व्हिस चार्ज काढायला सांगायचं म्हणजे सगळं टेबल आपल्याकडे बघतं हो 😅

हिशोबनीस
बघू देत. सांगायचं मात्र बिल कार्डावर मारायच्या आधी, नंतर परत करताना दोघांचाही वेळ जातो.

उंडगा
वयाचं कोणी लिहिलं नाही. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५. कॉकटेल म्हणजे २५. गोव्यात १८. ओळखपत्र मागितलं तर चिडू नका. परमिटही अजून आहे कागदावर: एक दिवसाचं ५, वर्षाचं १००, आजन्म १००० रुपये. गांधी जयंती, आषाढी एकादशीला ड्राय डे. मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडे. बुकिंग करताना कॅलेंडर बघा.

कोकमआगळ
शाकाहारींनी काय विचारायचं ते. १) सावरचा फेस बहुतेक वेळा अंड्याच्या पांढऱ्याचा. सांगितलं तर काही ठिकाणी काबुली चण्याच्या उकडीच्या पाण्याने करतात, फेस तसाच येतो. २) ब्लडी मेरीतल्या वूस्टरशर सॉसच्या मूळ कृतीत अँचोव्ही मासे. ३) 'फॅट वॉश' लिहिलं असेल तर चरबी कशाची ते विचारा. तूप, लोणी असेल, बेकनही असू शकतं. दारूत वितळवून मुरवतात, गोठवून थर काढून टाकतात, वास राहतो.
जे अजिबात पीत नाहीत त्यांनी बिटर्सबद्दल (थेंबांनी घालायचा कडू अर्क) सांगून ठेवा. त्यातला नेहमीचा अंगोस्तुरा ४४.७ टक्के आहे आणि मॉकटेलमध्येही दोन थेंब टाकतात.

साधीभोळी
ते क्लॅरिफाइड मिल्क पंच म्हणजे काय? पाण्यासारखं दिसतं आणि दूध म्हणतात.

कोकमआगळ
पनीर करताना जे होतं तेच. दारू, लिंबू, साखर, चहा किंवा मसाला असं आंबट मिश्रण दुधात ओतायचं. उलटं, म्हणजे दूध मिश्रणात, ओतलं तर चोथा बारीक पडतो आणि गाळणं नीट होत नाही. १ लिटर मिश्रणाला २५० मिली सायीचं दूध पुरतं. अर्धा तास तसंच ठेवा, मग कापडातून थेंब थेंब. पहिलं गढूळ येतं ते परत त्याच चोथ्यावर ओता, चोथाच गाळणी होतो. चहाचा तुरटपणा आणि रंग बराचसा चोथ्यात अडकतो, म्हणून पेय इतकं मऊ लागतं. पिळू मात्र नका. दुधाचं वावडं असलेल्यांनी टाळा, दिसत नसलं तरी दूध आहे.

खडीसाखर
चोथ्याचे पराठे होतील का 😂

कोकमआगळ
दारू मुरलेली असते. फेका.

बर्फगोळा
तुम्ही सगळे दारूवर बोलताय, पैसे बर्फाचे असतात. घरचा बर्फ पांढरा का? सगळ्या बाजूंनी गोठतो, हवा मधे ढकलली जाते आणि अडकते. बारचा काचेसारखा बर्फ एकाच दिशेने गोठवलेला. घरी करायचा तर झाकण नसलेला छोटा थर्मोकोलचा डबा पाणी भरून फ्रीजरमध्ये, १८ ते २४ तास. वरून खाली गोठतो, गढूळ भाग तळाला, तो कापून टाका. बाहेर काढल्याकाढल्या सुरी लावू नका, तडकतो. वरचं पांढरं दंव जाऊन चकचकीत झाला की दातेरी सुरीने खाच पाडा आणि वरून हलका ठोका.
मोठा तुकडा का? पृष्ठभाग कमी, वितळतो सावकाश. बादलीतला ओला बर्फ वापरला की पेय दोन मिनिटांत पाणचट.
हलवायचं की ढवळायचं यातही नियम आहे. लिंबू, अंडं, साय असेल तर शेक, १०-१२ सेकंद जोरात. नुसती दारूच दारू असेल तर ढवळायचं, अर्धा मिनिट. शेक केलेली नेग्रोनी गढूळ येते, बारीक बर्फ तरंगतो.

फोंडेकार
मुंबईच्या मेनूत फेणी बघून बरं वाटतं, पण कधी कधी ६० मिली ओततात. पेरू-काजूचा वास सगळ्यांवर बसतो. २०-३० मिली फेणी, सोबत आलं, कोकम किंवा लिंबू, वर सोडा, एवढंच सोसतं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक वेगळा हां. तो पहिल्या वाफेचा, १५ टक्क्यांच्या आसपास, मार्च ते मे, टिकत नाही. लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. पणजीला जोसेफ बारमध्ये मोसमात मिळतो. जागा बारकी, लोक रस्त्यावर उभे.

साधीभोळी
आणि खायला? पहिला ग्लास रिकाम्या पोटी नको एवढंच कळतं मला.

खडीसाखर
अर्धं काम झालं की मग. तिखट खाणं आणि कडक, नुसतं ढवळलेलं पेय एकत्र नको, दारूने तिखट आणखी झोंबतं. कोळीवाडा कोळंबी, ठेचा घातलेलं काही असेल तर आंबट-गोड किंवा सोडावालं घ्या. नेग्रोनीसोबत खारट: ऑलिव्ह, चीज, खारे काजू. एस्प्रेसो मार्टिनी शेवटी, पण झोप प्यारी असेल तर नको, पूर्ण शॉट कॉफीचा असतो. पहिल्या फेरीबरोबरच खाणं सांगून टाका, शुक्रवारी किचन गच्च असतं.

उंडगा
गाडी घरी ठेवा. १०० मिली रक्तात ३० मिग्रॅच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर लिहिलेली एक नेग्रोनीही बऱ्याच जणांना त्या रेषेजवळ नेते.

सोडावॉटर
अवांतर: ताजमधला हार्बर बार १९३३ चा. कोणी गेलं तर खिडकीजवळचं टेबल मागा, गेटवे दिसतं.

पागोळी
@बर्फगोळा तो थर्मोकोलचा डबा किती लिटरचा? माझ्या फ्रीजरचा वरचा कप्पा बुटका आहे.

बर्फगोळा
दोन-तीन लिटरचा पुरे, उंची १५ सेंमीच्या आत. वर चार बोटं मोकळं ठेवा, पाणी गोठताना फुगतं. आणि मासळीशेजारी ठेवू नका, बर्फ वास धरतो.