मोठा फायदा झाला किंवा फटका बसला, त्यानंतर तुम्ही काय केलंत?

संयम ठेवा, शिस्त पाळा हे सगळेच सांगतात, पण म्हणजे नक्की काय करायचं ते कुणी सांगत नाही. हातात काहीतरी मोठं आलं किंवा हातातलं गेलं, त्याच्या पुढच्या काही दिवसांत काय केलंत, काय मुद्दाम टाळलंत, ते लिहा. सुविचार नकोत प्लीज.

मीच सुरुवात करतो. कंपनीने आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं त्या दिवशी घरी आलो तर बायकोने वहीचं पान फाडलं, मधोमध रेघ मारली, डावीकडे या आठवड्यात करायचं ते आणि उजवीकडे आत्ता अजिबात ठरवायचं नाही ते. डावीकडे तीन-चारच गोष्टी, हप्ता, इन्शुरन्स, ओळखीच्यांना फोन. उजवीकडे मात्र जागा पुरेना, घर विकायचं का, शहर सोडायचं का, धंदा टाकायचा का, मॅनेजरला सणसणीत मेल पाठवायचा का (हा माझा आग्रह). पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि डोक्यात काही आलं की उजवीकडे लिहून मोकळा व्हायचो. नवी नोकरी लागेपर्यंत त्यातले बरेचसे प्रश्न आपोआप निकालात निघाले. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.

*

माझं उलटं आहे. तोटा मला पचतो, फायदा पचवणं जड गेलं. वडिलोपार्जित जागेचा वाद मिटला आणि एकदम रक्कम हातात आली. वाईट झालं की माणसं दोन हात लांब राहतात, चांगलं झालं की प्रत्येकजण आर्थिक सल्लागार. काका स्कीम घेऊन हजर, मैत्रीण फ्लॅट घेऊन, धाकटा भाऊ म्हणे ताई आता तरी गाडी घे. मी सगळे पैसे वर्षभराच्या एफडीत टाकले आणि विचारेल त्याला एकच उत्तर, अडकलेत. व्याजासाठी टाकलेच नव्हते, लोकांच्या आणि माझ्याही हाताला पटकन लागू नयेत म्हणून टाकले.

*

शेअर बाजारात बरीच वर्षं आहे म्हणून थोडं आकड्यांचं. ५० टक्के तोटा भरून काढायला ५० नाही, १०० टक्के वाढ लागते, २० टक्क्यांना २५. गणित शाळेतलंच आहे पण पोर्टफोलिओ लाल दिसायला लागला की आठवतंय कुणाला. तेवढ्याच रकमेच्या फायद्याचा आनंद कमी आणि तोटा जास्त झोंबतो हे कानेमन आणि त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय, आणि पुढे १९९८ मध्ये टेरन्स ओडीन यांनी एका ब्रोकरची हजारो खाती तपासली तर लोक चढलेले शेअर पटकन विकतात आणि पडलेले धरून बसतात असं दिसलं. आणि गंमत म्हणजे त्या धरून बसण्यालाच आपण संयम म्हणतो! मी घेतानाच डायरीत एक ओळ लिहितो, अमुक झालं तर विकणार. ते झालं की त्या दिवशी स्वतःशी चर्चा नाही, आणखी थोडे घेऊन ॲव्हरेज करू वगैरे काही नाही.

*

माझं पैशाचं नाही, गुडघ्याचं. खेळताना लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, मैदानावर परत यायला निदान नऊ महिने असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. सुरुवातीचा व्यायाम काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजायचे, सोडायचं. बस. बघणाऱ्याला वाटेल हा झोपलाय. पण खरी परीक्षा नंतर असते, दुखत असतं तोवर माणूस गपगुमान ऐकतो, दुखायचं थांबलं की जिने पळत उतरावेसे वाटतात. आमच्या फिजिओ मॅडमचं ठरलेलं असायचं, छान वाटलं म्हणून जास्त नाही, कंटाळा आला म्हणून कमी नाही.

*

मला शिस्त नाही, सोय आहे. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत, चार्जरसकट. आणि ते २१ दिवसांत सवय लागते ऐकून टेन्शन घेऊ नका, लंडनच्या यूसीएल विद्यापीठात फिलिपा लॅली यांनी अभ्यास केला त्यात मधला आकडा ६६ दिवस निघाला, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं.

*

इथे सगळं भरून निघणारं चाललंय, नोकरी, पैसे, गुडघा. माझी आई गेली तेव्हा सुख-दुःख समान मानावं म्हणणारे बरेच भेटले आणि खरं सांगते, रागच यायचा. मी काही समान मानलं नाही. एकच केलं, तिचं कपाट घाईने रिकामं करू दिलं नाही. बहिणीचं म्हणणं एका रविवारी बसू आणि उरकून टाकू. शेवटी आम्ही एकेक खण काढला, दोन खणांच्या मधे कधी कधी महिने गेले, काही कपडे वापरायला घेतले, काही दिले, कागदपत्रं तेवढी लगेच वेगळी काढली कारण बँकेची कामं कुणासाठी थांबत नाहीत. बहीण अजून म्हणते ही निव्वळ टाळाटाळ होती. मला तसं वाटत नाही. असं कुणी केलंय का, की माझी बहीण म्हणते तेच बरोबर?