आईची फील्ड टेस्ट: काचबिंदू वाढलाय की आई पेंगत होती?

आई ६८ वर्षांची. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, रोज रात्री औषधाचा एक थेंब, डोळ्यांचं प्रेशर १४-१५. दरवर्षी हम्फ्री यंत्रावर २४-२ नावाच्या प्रोग्रॅमची फील्ड टेस्ट होते, म्हणजे समोर बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं; त्यावरून नजरेचा घेर कळतो. डाव्या डोळ्याची एमडी (नजरेचा घेर सरासरी किती कमी झालाय तो आकडा, जितका जास्त उणे तितकं वाईट) तीन वर्षं उणे ४ च्या आगेमागे होती, परवा एकदम उणे ९.३! डॉक्टर म्हणाले, दुसरा थेंब सुरू करू, नाहीतर ऑपरेशनचं बघू. माझे हातपायच गळाले.

घरी येऊन कागद नीट पाहिला. फिक्सेशन लॉस (नजर मधल्या खुणेवरून हलणं) ८/१५, पुढे यंत्रानेच ‘एक्सएक्स’ छापलंय, म्हणजे भरवशाचं नाही. फॉल्स निगेटिव्ह (दिसायला हवा असा ठळक ठिपका येऊनही बटण न दाबणं) ३१ टक्के. करड्या नकाशात मध्ये चार उजळ पाकळ्या, भोवती सगळं काळं. आईला विचारलं तर म्हणे, "अगं, जेवून गेले होते, त्यात एसी आणि अंधार. डावा डोळा येईपर्यंत पेंगायलाच लागले." शिवाय तिला ही परीक्षाच वाटते. ठिपका पक्का दिसल्याशिवाय बटण दाबतच नाही.

ओसीटी (डोळ्याच्या मागच्या नसेचा स्कॅन) गेल्या वर्षीसारखाच आहे. टेस्ट पुन्हा करावी का? दुसरीकडे हेडसेटवाली टेस्ट आहे, ती चालेल?

प्रतिसाद:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. त्या चार पाकळ्या ओळखीच्या आहेत. यंत्र आधी चारही भागांतला एकेक बिंदू तपासतं आणि मग बाकीच्यांकडे वळतं. पेशंट नंतर दमला की तेवढेच भाग चांगले उतरतात. अशा एका कागदावरून काचबिंदू वाढला असं ठरवत नाहीत. पण वाढलाच नाही असंही त्यावरून म्हणता येत नाही, म्हणून टेस्ट लवकर पुन्हा करा. त्याच यंत्रावर, तोच प्रोग्रॅम. हेडसेटचे आकडे जुन्या कागदांशी थेट जुळवता येत नाहीत. सकाळची वेळ मागा, डावा डोळा आधी घ्यायला सांगा. आईंना सांगा, यंत्र मुद्दाम इतके मंद ठिपके टाकतं की बरेचसे कुणालाच दिसत नाहीत. पुसटसं जाणवलं तरी दाबायचं. थकायला झालं तर बटण दाबून धरायचं, टेस्ट थांबते. डॉक्टरांना हे सगळं सांगा, आणि थेंब मात्र चुकवू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! डॉक्टरांशी बोलले, तेही हो म्हणाले. सोमवारी सकाळी १० ची वेळ मिळालीय. बटण दाबून धरलं की यंत्र थांबतं, हे ऐकून आई म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलं कुणी?"