दिंडोरी तालुक्यातील गावात चित्रकलेचा लहान वर्ग सुरू करावा का?

प्रश्न : मी नाशिकमध्ये ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) पूर्ण केले असून लग्नानंतर दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागांच्या गावात राहते. येथे आठ-दहा मुलांसाठी आणि इच्छा असल्यास काही महिलांसाठी चित्रकलेचा वर्ग घेण्याचा माझा विचार आहे. घरची पडवी पुरेशी मोठी आहे. मात्र शुल्क किती ठेवावे, साहित्य कोणी आणावे आणि वर्ग कोणत्या महिन्यात सुरू करावा, हे ठरत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त कलाशिक्षक, नाशिक रोड) : सुरुवात जून-जुलैमध्ये, शाळा उघडल्यावर करावी. पडवी उत्तम, फक्त पावसाची झड आत येणार नाही आणि मुलांच्या उजव्या हाताची सावली कागदावर पडणार नाही, अशा रीतीने त्यांना बसवावे. साहित्य वर्गातच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येकाने आपापली पेटी आणायची म्हटले की ज्याच्याकडे चांगले रंग नाहीत ते मूल दुसऱ्या आठवड्यापासून येईनासे होते. लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढे पोस्टर कलर मोठ्या बाटल्यांत घेतले तरी पुष्कळ काळ पुरतात, आणि छटा मिसळायला शिकणे हाच निम्मा अभ्यासक्रम होतो. पारदर्शक जलरंगांना जाड, महाग कागद लागतो आणि चूक झाकता येत नाही, म्हणून ते नंतर घ्यावेत. पावसाळ्यात कागद दमट होतात. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर आडवे ठेवावेत.

उत्तर २ (द्राक्ष बागायतदार व पालक, निफाड) : गुरुजींचे म्हणणे पटते, परंतु वेळापत्रक बागेकडे पाहूनच ठरवा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणीची (घडातील जादा मणी काढण्याची) घाई असते, तर जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत काढणी चालते. या काळात महिलांचा वर्ग भरणे अवघड आहे. मुलांसाठी रविवारची सकाळ योग्य, कारण संध्याकाळी विजेचा भरवसा नसतो. शुल्क महिन्याला न घेता काढणीनंतर एकरकमी देण्याची मुभा ठेवल्यास अनेक घरांना सोयीचे जाईल. अगदी मोफत मात्र ठेवू नका; फुकटच्या वर्गाला पाहुणे आले तरी सुट्टी मिळते.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. ‘चित्रे काढून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्या पालकांना शासकीय रेखाकला परीक्षांविषयी सांगावे का?

उत्तर ३ (कलाशिक्षिका, सिन्नर) : सांगावे, पण वर्गाचे आमिष म्हणून नव्हे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा सर्वश्रुत आहेत आणि त्यांतील इंटरमिजिएटमधील यशाचे सवलतीचे गुण दहावीला मिळतात, हे ऐकून पालक नक्कीच मान डोलावतील. तथापि परीक्षेतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीरचना) यांचा सराव पहिल्याच महिन्यापासून लादला, तर मुले मांडून ठेवलेला तांब्या आणि फळे हुबेहूब उतरवण्यातच अडकतात. आधी वर्षभर बाग, बैलजोडी, आठवडे बाजार, सप्तशृंगीची यात्रा असे स्वतः पाहिलेले विषय द्यावेत; मग सातवी-आठवीतील ज्यांना गोडी लागली असेल त्यांच्यासाठी परीक्षेची तुकडी वेगळी करावी आणि अर्जाबाबत त्यांच्या शाळेशी आधीच बोलून ठेवावे. महिलांना परीक्षेशी देणेघेणे नसते, म्हणून त्यांचा वर्ग शक्यतो पावसाळ्यात, दुपारी, स्वतंत्रच भरवा.